भात वेळावा की नाही?

तांदळातल्या आर्सेनिकचा विषय निघाला की दादर-गिरगावात पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग भात सोडायचा का? अजिबात नाही. अन्नातले धातू तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि माझ्या घरी दोन्ही वेळा भात शिजतो. तो कसा शिजवायचा आणि कोणासाठी, याबाबत मात्र मी आग्रही आहे.

इतर धान्यांपेक्षा तांदळात आर्सेनिक जास्त असतं, याचं कारण खाचरात आहे. पाणी तुंबलं की मुळांभोवती हवा राहत नाही आणि मातीतल्या लोहाच्या संयुगांनी धरून ठेवलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात उतरतं. भाताच्या रोपाला सिलिका भरपूर लागते. ती ज्या वाटेनं मुळांत शिरते, त्याच वाटेनं आर्सेनिकही शिरतं. खाचर कोरडं ठेवलं तर आर्सेनिक घटतं, पण कॅडमियम वाढतं. शेतकऱ्याची ही कोंडी खरी आहे. कॅडमियमही साधं नाही: जपानच्या तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीत आणि तिथून भातशेतीत उतरलं. मूत्रपिंडं निकामी झाली, हाडं मोडू लागली. 'इताई-इताई' नावाचा हा आजार प्रदूषणाचा आहे, हे जपान सरकारनं १९६८ साली मान्य केलं. रुग्ण बहुतेक बायका होत्या, अनेक बाळंतपणं झालेल्या.

माझं लक्ष तिथंच अडकतं. शरीरात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त शोषतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लालबाग-परळच्या चाळीत सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर उरलेला भात आणि वरचं कालवण यावर भागवणारी बाई खाते तो तांदूळ घरातल्या इतरांचाच, पण तिच्या अंगी धातू जास्त लागतो. पॉलिश केलेल्या तांदळासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम असेंद्रिय आर्सेनिक आणि ०.४ मिलिग्रॅम कॅडमियम अशी आहे. ती दाण्याची मर्यादा आहे. खाणारीच्या रक्तात लोह किती, हे त्या आकड्यात कुठंच येत नाही.

आता पातेल्याकडे. जादवपूर विद्यापीठातल्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटानं २००६ साली दाखवलं की तांदूळ स्वच्छ धुऊन, सहापट पाण्यात शिजवून, ते पाणी काढून टाकलं, म्हणजे भात वेळला, तर ५७ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक निघून जातं. अट एकच, पाण्यात आर्सेनिक नसावं. बंगालच्या कूपनलिकांवर ही अट पुरी होणं कठीण. मुंबईत नळाला तानसा, वैतरणा, भातसाचं पावसाचं साठवलेलं पाणी येतं. गिरणगावातल्या कोकणी घरांत भात वेळतच असत. कुकर आला, पाणी मोजून घालायची सवय लागली आणि डब्यात जे असेल ते डब्यातच राहू लागलं.

तरीही 'पूर्वीचं सगळं बरं' असं मी म्हणणार नाही. वेळलेलं पाणी पूर्वी मोरीत जात नसे, मीठ घालून पेज म्हणून पीत. मग आर्सेनिक गेलं कुठं? शिवाय वेळल्यावर ब जीवनसत्त्वंही जातात. रेशनवरच्या पोषणयुक्त तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घातलेलं असतं; तो वेळला तर ज्या बाईला लोह सर्वांत जास्त हवं, तिच्याच ताटातलं ते कमी होतं. म्हणून रेशनचा तांदूळ बेतानं धुवावा, मोजक्या पाण्यात शिजवावा, वेळू नये. उलट परळच्या नव्या टॉवरांमध्ये आरोग्यासाठी आणलेला ब्राऊन राइस जरूर वेळावा. आर्सेनिक कोंड्यात जास्त साठतं, त्यामुळे हातसडीचा तांदूळही त्याच रांगेतला.

सर्वांत जास्त काळजी तान्ह्या बाळांची. वजनाच्या मानानं त्यांच्या पोटात भात जास्त जातो, म्हणून युरोपीय संघानं २०१६पासून बाळांच्या अन्नासाठीच्या तांदळाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम असेंद्रिय आर्सेनिकची कडक मर्यादा घातली. आपल्याकडे खिमट आणि पेज हेच पहिलं अन्न. ते बंद करायला मी कुठल्याही आजीला सांगणार नाही. खिमटात मूगडाळ वाढवा, एक दिवस तांदळाचं केलं तर दुसऱ्या दिवशी नाचणीचं सत्त्व द्या. आणि वाण्याकडून तांदूळ घेताना तो कुठल्या जिल्ह्यातला, हे विचारा. पिशवीवर कोलम, आंबेमोहर एवढंच छापून भागत नाही. गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केल्याशिवाय जिल्हा छापला जाणार नाही, आणि तो कळल्याशिवाय आम्ही तपासणाऱ्यांनी तरी कुठल्या शेतापर्यंत पोहोचायचं?