मॉरिशसला गेलेल्या आजोबांस



तुमचं नाव मला ठाऊक नाही. 1835 साली मॉरिशसमध्ये गुलामी बंद झाली, उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. कलकत्ता-मद्रासच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेली कमी. त्यांत कोकणातले तुम्ही.

आता तुमची पाचवी-सहावी पिढी गाव शोधत इकडे येते. हातात तिकडच्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारातला उतारा असतो: तुमचा क्रमांक, जहाज, वडिलांचं नाव, वय, जिल्हा, गाव. पुढच्या काळातल्या मजुरांचे फोटोसुद्धा तिथे जपलेत. पण गावाचं नाव साहेबाच्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. तुम्ही गाव सांगितलंत की वाडी, कोण जाणे. 'रत्नागिरी' म्हणावं, तर मालवण, देवगड, वेंगुर्लेही तेव्हा त्याच जिल्ह्यात. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 साली. आडनाव तर नाहीच. तुमचं रामजी किंवा गोविंद हे नावच तिकडे पोराबाळांचं आडनाव झालं. त्यामुळे इथे आडनावावरून शोधणाऱ्याची पायपीट फुकट जाते.

शोधायचं ते मागे राहिलेल्या भावाला. कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी बहुतेक ठिकाणी तुम्ही गेल्यानंतरच्या, पण भाऊ, पुतणे त्यांत सापडू शकतात. घरातलं कुणी नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलं असेल, तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत गावासकट नावं असतात. यातलं बरंचसं मोडी लिपीत. तुमची नातवंडं फ्रेंच वाचतात, इंग्रजी वाचतात, मोडी कुठून वाचणार? ते काम आमचं आहे.

आणि इथेच आम्ही कमी पडतो. परदेशातून माणूस आला, 'आमचे पूर्वज इथले' म्हणाला, की ओटीवर चहा येतो आणि आतल्या खोलीत कुजबुज सुरू होते: हिस्सा मागायला आला की काय? मग सातबारा राहू दे, जुना पेटाराही उघडत नाही. देवळातल्या मानकऱ्यांची यादी विचारली तर 'पुढच्या खेपेला बघू'. भीती मला कळते. गुंठ्या-गुंठ्यावरून भावाभावांत दावे चाललेत आमच्याकडे. पण ज्या माणसांनी एवढ्या पिढ्या तिकडे गणपती बसवला, आपली जाखडी 'झाकरी' म्हणून नाचत ठेवली, त्यांना वाडीचं नाव हवंय, जमीन नकोय. त्यांना असं परत पाठवणं मला लाजिरवाणं वाटतं.

म्हणून मी गावोगावी सांगतो आहे: पेटाऱ्यातल्या मोडी कागदांचे फोटो काढून घ्या, वाळवीच्या आधी. म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्यातलं कोण मॉरिशसला गेलं होतं. आलेल्याला घेऊन गुरवाकडे जा, पोलीस पाटलाकडे जा, शेजारच्या वाडीत जा. कागद जुळला नाही तरी पाहुण्याला जेवू घाला. गावकी बसली की हा विषय निघाला पाहिजे, यंदाच्या शिमग्यालाच.

कदाचित तुमच्याच भावाच्या वंशातला,
एक कोकणी