आजोबांची ‘जनता’, व्हाया पेण

आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या मनगटावर स्टेप्स मोजणारी घड्याळं आहेत. माझ्या मनगटावर मात्र रोज सकाळी चावी द्यावी लागते अशी ‘जनता’! एचएमटीची, देवनागरीत नाव असलेली. ती सापडली गागोदे बुद्रुकला, आजोबांच्या लाकडी कपाटात, पंचांगांच्या गठ्ठ्याखाली.

गागोदे म्हटलं की लोकांना आठवतात विनोबा भावे. 11 सप्टेंबर 1895 ला ते इथेच जन्मले आणि पुढे वडिलांच्या नोकरीपायी बडोद्याला गेले. त्याआधीचं त्यांचं लहानपण इथलं, आजोबा शंभूरावांच्या सहवासातलं. त्यांचं घर जपून ठेवलंय, जरूर बघा. मी मात्र त्या वीकेंडला गेले होते आमचं घर आवरायला.

घड्याळ बंद होतं. काच धुरकट, सहाच्या आकड्याजवळ तपकिरी डाग. येताना पेणला उतरले. गणपतीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात, बाजाराच्या एका गल्लीत एक घड्याळवाले काका बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, “मशीन ठणठणीत आहे. तेलाचा गोंद झालाय फक्त.”

मग त्यांनी मला अख्खी शिकवणीच दिली. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. तबकडीवरचे ‘17 ज्वेल्स’ म्हणजे दागिने नव्हेत, तर चाकांच्या बारीक टोकांना टेकू देणारे कृत्रिम माणकाचे खडे. त्यामुळे घर्षण कमी होतं, झीजही कमी होते. आतलं बॅलन्स व्हील तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. कानाला लावा, ऐकू येतात! एचएमटीचा घड्याळांचा कारभार गुंडाळायचा निर्णय सरकारने 2016 मध्ये घेतला. त्यामुळे आता पार्ट मिळतात ते जुन्या साठ्यातून, नाहीतर दुसऱ्या मेलेल्या ‘जनता’तून.

सगळे भाग सुटे करून धुवायचे, मेनस्प्रिंग बदलायची, सुईच्या टोकाने ताजं तेल द्यायचं, काच नवी. इथवर माझी काहीच हरकत नव्हती. मग काका म्हणाले, “डायल रंगवून देऊ? नवीकोरी दिसेल.”

खरं सांगू, मोह झाला. पण आजीला फोन लावला.

“डाग कुठेय? खाली, सहापाशी?” तिने विचारलं.

“हो.”

“लावणीच्या पावसात भिजलं होतं ते. ह्यांनी आठ दिवस चुलीजवळ वाळवलं. तोंड रंगवू नकोस गं त्याचं.”

विषय संपला. तसंही, तबकडी रंगवायची म्हणजे आधी मूळचा रंग आणि छपाई खरवडून काढायची. ती पुन्हा मिळत नाही. ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या भडक निळ्या-केशरी ‘जुन्या’ एचएमटी बहुतेक अशाच रंगवलेल्या असतात, बरं का! अक्षरं जाडी-वाकडी आहेत का, झूम करून बघा.

तीन आठवड्यांनी पुन्हा दिवा-रोहा मार्गावरची गाडी, पुन्हा पेण. काकांनी नवी काच बसवली होती, डाग तस्साच. तिथून गागोद्याला गेले. भातखाचरं नुकती हिरवी झाली होती. आजीने घड्याळ आधी कानाला लावलं, मग डोळ्यांजवळ नेलं. “सकाळी दात घासले की पहिली चावी,” ती म्हणाली, “आणि उलटी फिरवायची नाही. ते माझ्यावर ओरडायचे.”

दिवसाला मिनिटभर मागे पडतं. काका म्हणतात, अजून नीट लावता येईल, पुढच्या खेपेला घेऊन ये. गणपतीच्या आधी जाईन म्हणते. नंतर त्या गल्लीत शिरायला जागा नसते.