बॉनेटखालचं वजन

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठं इंजिन बसवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा येतो. आत्ता किती आहे, नंतर किती होईल? इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये मी ज्या वर्कशॉपमध्ये काम करते, तिथे एमजीबी घेऊन येणारे मालकही हेच विचारतात. मी त्यांना उलट विचारते: येणाऱ्या इंजिनाचं वजन किती, आणि ते पुढच्या ॲक्सलच्या मानाने नेमकं कुठे बसणार? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर बाकीचं काम कष्टाचं असतं, पण होण्यासारखं असतं. नाही मिळाली, तर कितीही ताकद ओतली तरी गाडी वळणावर ऐकत नाही.

हे समजून घ्यायला एमजीबीसारखा दुसरा पाठ नाही, कारण तिच्या कारखान्यानेच एकाच सांगाड्यात दोन वेगवेगळी मोठी इंजिनं घालून पाहिली. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी बनली, सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त. मूळ इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, बिडाचं, ९५ हॉर्सपॉवरचं. दणकट आणि साधं, पण अंगाने जड. मोटारवेवर लोक तिसरी लेन अडवायला लागल्यावर आणखी ताकद हवी ही मागणी आलीच.

कारखान्याचं पहिलं उत्तर १९६७ ची एमजीसी. सहा सिलिंडर एका ओळीत, २९१२ सीसी, १४५ हॉर्सपॉवर. हेही बिडाचं, आणि एमजीबीच्या इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोने जड. लांबी इतकी की पुढचा क्रॉसमेंबर काढून टाकावा लागला, कॉइल स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार आले. उंचीही जास्त, म्हणून बॉनेटवर फुगवटा आला. तेव्हाच्या मोटार पत्रकारांनी गाडीला झोडपलं: नाक जड आहे, वळणावर सरळ निघून जाते, स्टिअरिंग ढिम्म आहे. दोन वर्षांत ती बंद झाली. सुमारे नऊ हजार बनल्या. माझ्या मते ही टीका काहीशी निर्दयच होती. लांबच्या सरळ प्रवासाला एमजीसीसारखी सोबत नाही. पण वजनाबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं होतं.

दुसरं उत्तर ऑगस्ट १९७३ चं, एमजीबी जीटी व्ही-८. आठ सिलिंडर, ३५२८ सीसी, हॉर्सपॉवर १३७. म्हणजे एमजीसीपेक्षा आठने कमीच. तरीही ही गाडी तेव्हाही वाखाणली गेली आणि आजही लोक तिच्या शोधात असतात. हे आठ सिलिंडरचं इंजिन ॲल्युमिनियमचं होतं आणि त्याचं वजन मूळ चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाच्या जवळपासच होतं. ते लांबीला आखूड, त्यामुळे बरंचसं मागे, फायरवॉलला लागून बसलं. टॉर्क मात्र मूळच्या १४९ न्यूटन-मीटरवरून २६१ वर गेला, आणि तोही मिनिटाला २९०० फेऱ्यांनाच हाती येणारा. वेग ताशी दोनशे किलोमीटरपर्यंत, आणि नाकावर एमजीसीसारखा भार नाही.

हे इंजिन मुळात ब्रिटिश नव्हेच. जनरल मोटर्सने ते १९६१ मध्ये ब्यूइकच्या छोट्या गाड्यांसाठी आणलं: ॲल्युमिनियमचा ब्लॉक, आत लोखंडी लायनर. ओतकाम महाग पडत होतं, सच्छिद्र ब्लॉक बाद होत होते, आणि पातळ भिंतींचं बीड ओतण्याचं तंत्र तोपर्यंत सुधारलं होतं. १९६३ मध्ये त्यांनी ते सोडून दिलं. ब्रिटिश मोटार कंपनी रोव्हरचे विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत गेले असताना त्यांना ते तिथे पडलेलं दिसलं, आणि १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. ब्यूइकमधून निवृत्त होत आलेले जो टर्ले, ज्यांनी मूळ रचनेवर काम केलं होतं, ते मदतीला इंग्लंडला आले. याच घराण्याचा ओल्ड्समोबिलचा ब्लॉक घेऊन ऑस्ट्रेलियाच्या रेप्कोने शर्यतीचं इंजिन बनवलं, आणि त्यावर जॅक ब्रॅबम १९६६ मध्ये स्वतःच्या नावाच्या गाडीतून फॉर्म्युला वनचे विश्वविजेते झाले. अमेरिकेने टाकून दिलेलं इंजिन इंग्लंडमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ बनत राहिलं. मला या इंजिनाबद्दल जी माया आहे तिचं मूळ इथे आहे.

ते एमजीबीत बसतं हे मात्र कारखान्याच्या आधी दाखवून दिलं केन कॉस्टेलो यांनी. मिनीच्या शर्यती गाजवणारा हा माणूस १९७० च्या आसपास एमजीबीमध्ये रोव्हरचं व्ही-८ बसवून विकायला लागला. त्यांच्या गाड्यांत कार्ब्युरेटर इंजिनाच्या माथ्यावर होते, म्हणून बॉनेटला फुगवटा द्यावा लागे. एमजीची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने त्यांची गाडी मागवून पाहिली, आणि मग स्वतःच ते काम हातात घेतलं. कारखान्याच्या इंजिनिअरांनी दोन्ही एसयू कार्ब्युरेटर मागे, फायरवॉलच्या बाजूला सरकवले आणि बॉनेट सपाटच ठेवलं. बाहेरून पाहणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ताही लागू नये, इतकं ते काम नेटकं आहे. गाडी मात्र चालली नाही. महिन्या-दोन महिन्यांत तेलाचं संकट आलं, अमेरिकेत ती विकायलाच काढली नाही, उघड्या टपाची आवृत्ती दिली नाही. १९७६ पर्यंत २,५९१ बनल्या आणि प्रकरण संपलं.

जागेच्या बाबतीत आणखी एका गाडीचं उदाहरण मी नवख्या मुलांना नेहमी देते: सनबीम टायगर. रूट्स ग्रुपच्या सौम्य सनबीम अल्पाइनमध्ये कॅरल शेल्बी यांनी फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ बसवून दाखवलं, आणि १९६४ पासून जेन्सनच्या वेस्ट ब्रॉमविचच्या कारखान्यात ती बनू लागली. जागा इतकी तंग की जुनं स्टिअरिंग काढून रॅक-अँड-पिनियन घालावं लागलं. मागच्या बाजूचा एक स्पार्क प्लग काढायला फायरवॉलला भोक ठेवून रबरी बूच लावलं होतं, म्हणजे पाना गाडीच्या आतून घालायचा. रंगवून आलेल्या सांगाड्याला इंजिन बसेना म्हणून कामगार घणाने पत्रा ठोकून जागा करत. पुढे रूट्स क्रायस्लरच्या ताब्यात गेली. प्रतिस्पर्ध्याचं इंजिन घालून गाडी विकणं क्रायस्लरला रुचणार नव्हतं, आणि त्यांचं स्वतःचं व्ही-८ बसेना, कारण फोर्डच्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर पुढे होता आणि क्रायस्लरचा मागे. १९६७ मध्ये टायगर बंद झाली. मुठीएवढा डिस्ट्रिब्युटर कुठे आहे यावर एका गाडीचं भवितव्य ठरलं.

आता आमच्या कामाकडे येते. एमजीबी रॅम्पवर चढण्याआधी आम्ही तिला चार काट्यांवर उभी करतो, प्रत्येक चाकाखाली एक, ड्रायव्हरच्या सीटवर मालकाच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून. चार आकडे लिहून घेतो. काम संपल्यावर पुन्हा तेच. पुढच्या दोन काट्यांची बेरीज फारशी वाढली नसेल तर आमचं काम बरोबर झालं. १९७४ च्या शेवटी रबरी बंपर आले तेव्हापासूनच्या गाड्या सोयीच्या पडतात, कारण व्ही-८ साठी सांगाड्यात केलेले बरेचसे बदल त्यांत आलेले असतात. त्याआधीच्या गाड्यांत फायरवॉल आणि आतले मडगार्ड यांच्याशी झटापट करावी लागते.

इंजिन रुंद असल्यामुळे खरी अडचण दोन्ही बाजूंच्या एक्झॉस्टची. उजव्या बाजूला स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो, त्याला जादा युनिव्हर्सल जॉइंट द्यावा लागतो. १९९२ मध्ये आलेल्या एमजी आरव्ही-८ ने यावर सुरेख तोडगा काढला: पाइप आतल्या मडगार्डला भोक पाडून चाकाच्या बाजूने बाहेर काढले. इंजिनखोलीतली उष्णताही त्यामुळे कमी होते. आज बहुतेक जण हीच पद्धत वापरतात. ऑइल फिल्टर लांब नेऊन बसवायचा, रेडिएटरला दोन विजेचे पंखे, आणि कूलंट चांगल्या प्रतीचा. ॲल्युमिनियमला साधं नळाचं पाणी खाऊन टाकतं.

मग मागची बाजू. मूळ डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.९०९, ताशी ११२ किलोमीटरला, टॉप गिअरमध्ये इंजिन ३,९०० च्या आसपास फेऱ्या मारतं. कारखान्याच्या व्ही-८ मध्ये ३.०७ होतं, त्याने तोच वेग ३,१०० च्या आतबाहेर मिळतो. मोठ्या इंजिनाचं सुख इथे आहे, ते मोकळं श्वास घेत चालतं. मूळचा चार गिअरांचा बॉक्स या टॉर्कपुढे दमतो, म्हणून आम्ही रोव्हर एसडी-१ चा पाच गिअरांचा एलटी-७७ पसंत करतो. मागचे पाटे हा वेगळाच विषय आहे. जोरात पिकअप घेतला की टॉर्कच्या प्रतिक्रियेने ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात, मग सुटतात, पुन्हा पिळतात, आणि मागची चाकं रस्त्यावर थाडथाड उड्या मारायला लागतात. पाट्यांच्या बरोबरीने, लांबीच्या दिशेने बार लावून हे आवरता येतं. ब्रेक वाढवल्याशिवाय गाडी आमच्या दारातून बाहेर जात नाही, त्यावर मी घासाघीस ऐकून घेत नाही.

आणि एक गोष्ट, जी शिकाऊ मुलांच्या हातून मी स्वतः उभी राहून करून घेते. या इंजिनाचा ऑइल पंप रिकामा ठेवून जोडला तर तो तेल ओढतच नाही. म्हणून जोडणी करताना पंपाच्या दोन्ही गिअरांच्या दातांमध्ये पेट्रोलियम जेली ठासून भरायची. बोटाने, एकही पोकळी न ठेवता. नंतर डिस्ट्रिब्युटर काढून त्याच्या भोकातून ड्रिलच्या टोकाने पंप फिरवायचा. सुरुवातीला ड्रिल हलकं फिरतं. काही क्षणांनी आवाज बदलतो, हाताला एकदम जोर लागतो, आणि तेलाच्या दाबाचा काटा वर चढतो. तो चढल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही. कॅमशाफ्ट नवा असेल तर इंजिन सुरू झाल्यावर ते आयडलवर ठेवायचं नाही. वीस मिनिटं दोन हजारांच्या वर फिरवायचं, म्हणजे कॅम आणि टॅपेट एकमेकांवर नीट घोटले जातात. ॲल्युमिनियममधले आटे नाजूक असतात, म्हणून टॉर्क रेंचशिवाय एकही बोल्ट आवळायचा नाही.

आपल्याकडे इंजिन बदलण्याचा हेतू वेगळा होता. माझ्या लहानपणी पुण्या-मुंबईत मोठ्या जुन्या अमेरिकन गाड्यांत आणि ॲम्बेसेडरमध्ये पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन घातलेलं सर्रास दिसे. प्रश्न ॲव्हरेजचा होता, आणि ज्यांनी ते केलं त्यांनी गाड्या रस्त्यावर जिवंत ठेवल्या, याबद्दल मला आदर आहे. जड डिझेलने पुढच्या स्प्रिंगा बसायच्या, गाडी नाकावर झुकायची. एमजीसीचंच दुखणं ते. आज मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता आरटीओच्या मंजुरीशिवाय असं काही करणं शक्य नाही. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं चालत आलेल्या पद्धतीत गाडीची मूळ ओळख टिकवायला आठ गुण लागत: सांगाड्याला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला अवघा एक. इंजिन बदललं तर फारसं बिघडत नाही, पण सांगाडा कापला की गाडीच दुसरी झाली, असा त्याचा अर्थ. मला हा हिशेब पटतो. म्हणून सांगाड्याला लावायची कात्री आम्ही शक्य तितकी लहान ठेवतो, आणि मूळ इंजिन तेल घालून, बंद करून, मालकाच्याच ताब्यात देतो.

काही मालकांना याच इंजिनाचं ४.६ लिटरचं रूप हवं असतं, काहींना शेव्हर्लेचं ॲल्युमिनियमचं एलएस. बसतं ते, जागा काढता येते. पण मग ॲक्सल, पाटे, ब्रेक, सगळंच उपरं होत जातं, आणि शेवटी एमजीबीचा फक्त पत्रा उरतो. माझी पसंती ३.५ लिटरलाच.

हल्ली एमजीसीचे मालकही येतात: त्यातलं सहा सिलिंडरचं काढून व्ही-८ घालून द्या म्हणतात. त्यांना मी नाही म्हणते. मूळ इंजिनासकट शिल्लक राहिलेल्या एमजीसी आता थोड्याच आहेत, आणि त्यांच्या नाकाचं दुखणं बऱ्याच अंशी टायर, पुढचे शॉक ॲब्सॉर्बर आणि हवेचा योग्य दाब यांनी कमी होतं. आधी एवढं करून घ्या, एक उन्हाळा वेल्सच्या डोंगरातून चालवा, मग बोलू, असं मी सांगते. बहुतेक जण पुढच्या वर्षी येतात ते सर्व्हिसिंगसाठी.