अडकलेला कागद

आमच्या कॉलेजातल्या प्रिंटरला पावसाळा मानवत नाही. ऐन परीक्षेच्या सकाळी प्रश्नपत्रिका त्याच्या घशात अडकली. मी मराठीचा प्राध्यापक. दिला एक हिसका! अर्धा कागद हाती, अर्धा पोटात!

शिपाईमामांनी आधी बटण बंद केले, मागचे झाकण उघडले आणि कागद ज्या वाटेने निघाला होता त्याच वाटेने, दोन्ही हातांनी, हळूहळू बाहेर काढला. म्हणाले, "सर, ओल धरलेला कागद असाच अडकतो. गठ्ठा गुंडाळून ठेवावा, घालताना पाने मोकळी करावीत."

चित्रकलाच शिकेन म्हणणाऱ्या चिरंजिवांशी घरी आठ दिवस अबोला होता. त्या संध्याकाळी मी प्रथमच म्हणालो, "बरं, तुला कुठल्या वाटेनं जायचंय, ते तरी सांग."