कानातली किरकिर

सेस्ना १५२ मध्ये दोनच सीटा, खांद्याला खांदा लागतो. तरी इंजिन सुरू झालं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, म्हणून इंटरकॉम! सुट्टीत एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये तो बसवताना मी मदतनीस होतो. सही अर्थातच लायसन्सवाल्या सरांची.

हेडफोनचा जॅक ६.३५ मिमीचा, माइकचा त्याहून बारीक, म्हणजे अदलाबदल नको. माइकचा जॅक लावताना सरांनी दोन्ही बाजूंना फायबरचे वॉशर घालायला लावले.

"सर, बॉडी तर ग्राउंडच आहे ना?"

"म्हणूनच!"

बॉडीतून अल्टरनेटरचा करंटही परततो आणि त्याची किरकिर माइकच्या सिग्नलमध्ये घुसते. इंजिनचा वेग वाढला की तिचाही सूर चढतो. आपण पेपरात पाच मार्कांना लिहितो तो ग्राउंड लूप इथे थेट कानात वाजतो!

स्क्वेल्च जमवणं त्याहून नाजूक. कमी ठेवलं तर इंजिनच बडबडत राहतं, जास्त ठेवलं तर "डावीकडे विमान!" मधलं "डावीकडे"च गिळलं जातं.

शेवटी सरांनी इंटरकॉमचा स्विच चक्क बंद केला आणि टॉवरला हाक मारली. उत्तर आलं! इंटरकॉम बंद पडला तरी पायलटचा हेडसेट थेट रेडिओला जोडलेला राहतो. उजव्या सीटवर माझ्या कानात मात्र शुकशुकाट.