भाड्याची की विकतची?

स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर घ्यायचा असेल तर खोक्यावर छापलेलं काहीही वाचू नये. घरातली सगळ्यात खराब सीडी पिशवीत टाकून दुकानात जावं आणि ती लावून दाखवायला सांगावं. नवी करकरीत सीडी कुठलाही प्लेअर वाचतो. दुकानदाराकडे तीच असते. ओरखडे पडलेली, कुणीतरी वरणभाताच्या हातानं उचललेली, वर नवरा-नवरीचा फोटो चिकटवलेली सीडी जो कुरकुर न करता वाचेल, तो आपला.

ही कसोटी मला साताऱ्यातल्या एका दुकानदाराकडून मिळाली. नव्वदच्या दशकाची अखेर होती. त्याआधी घरी सिनेमा बघायचा म्हणजे व्हीसीआर भाड्यानं आणायचा. तो रंगीत टीव्हीसकट रात्रभरासाठी यायचा. गणपतीत तर त्यासाठी आधी नंबर लावावा लागे. भाडं वसूल झालं पाहिजे म्हणून पहाटेपर्यंत तीन सिनेमे बघायचे. तिसऱ्याला जागा असायचा तो फक्त पैसे भरणारा. पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरायची. असली कॅसेट लावली की हेड खराब आणि पडद्यावर मुंग्या. त्यामुळे सिनेमाची सीडी, म्हणजे व्हीसीडी, आली तेव्हा आमच्याकडे तिचं पहिलं कौतुक झालं ते बुरशी लागत नाही म्हणून. चित्राचं कौतुक करण्यासारखं काही नव्हतंच. ३५२ बाय २८८ ठिपके, म्हणजे कॅसेटच्याच तोडीचं.

वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. व्हीसीडी प्लेअर घ्यायला गेल्यावर दुकानात त्यांनी कंपनी कोणती, वॉरंटी किती, अशी रीतसर चौकशी सुरू केली. दुकानदारानं ती पुरती ऐकूनही घेतली नाही. म्हणाला, "गुरुजी, सीडी कुठली लावणार? भाड्याची का विकतची?"

"भाड्याचीच. विकत कोण घेतंय?"

त्यानं नावाजलेल्या कंपनीचा खोका मागं सारला आणि ज्याचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं असा एक चिनी प्लेअर पुढं ठेवला. "मग ह्यो न्या. त्यो लई नखरे करतो. ह्याला कायबी चालतंय."

त्या 'कायबी चालतंय'मागे एक अख्खा इतिहास होता, हे मला फार नंतर कळलं. व्हीसीडीचं मानक १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी ठरवलं. अमेरिकेनं तिला फारसं विचारलं नाही, चीननं मात्र डोक्यावर घेतलं. तिथं नकली सीड्यांचा सुळसुळाट, आणि त्या नीट वाचल्या जायच्या नाहीत. म्हणून तिथले कारखानदार जाहिरात करायचे ती चित्राच्या दर्जाची नव्हे, तर आमचा प्लेअर चुका किती दुरुस्त करतो याची. आपल्या गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीची सीडी आणि तिथली नकली सीडी यांचं दुखणं एकच होतं. महागडा प्लेअर 'नो डिस्क' म्हणून सीडी बाहेर काढायचा. आमचा चिनी प्लेअर घरघरायचा, थांबायचा, पुन्हा प्रयत्न करायचा आणि कसाबसा पुढं सरकायचा.

तरीही सिनेमा अडकायचाच, आणि अडकायचा तो नेमका शेवटी. नायक अड्ड्यावर पोचला, खलनायकानं नायकाच्या आईला खांबाला बांधलं, की चित्राचे चौकोनी तुकडे व्हायला लागत. आम्ही याला नशीब म्हणायचो. कारण अगदी साधं आहे. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते, सीडी मात्र आतून बाहेर वाचली जाते. म्हणजे सिनेमाचा शेवट कडेला असतो, आणि बोटं लागतात, धूळ बसते, घासलं जातं तेही कडेलाच. व्हीसीडीत ७४ मिनिटं मावत, त्यामुळे हिंदी सिनेमाला दोन-तीन सीड्या लागायच्या आणि हा प्रकार दर सीडीच्या शेवटी व्हायचा. 'लगान' पावणेचार तासांचा. तो आमच्याकडे लागला त्या दिवशी शेजाऱ्यांनी किती धीर धरला हे तेच जाणोत.

अडकली की काढून पुसायची. आई पदरानं गोल गोल पुसायची आणि सगळे तसंच पुसत. ते चुकीचंच होतं. दुरुस्तीची जी आकडेमोड सीडीत भरलेली असते तिच्यामुळे मजकुराच्या गोल वाटेतला सुमारे अडीच मिलिमीटरचा खंड भरून निघू शकतो. आडवा ओरखडा वाट क्षणभर ओलांडून जातो, त्याचं काही वाटत नाही. गोल ओरखडा वाटेच्या बरोबरीनं धावतो आणि सलग मजकूर खातो. म्हणून मधून कडेकडे, सरळ पुसावं. आणखी एक गोष्ट. आपण जपत असतो ती चकाकती बाजू, पण सीडीचा मजकूर असतो वरच्या छापील बाजूच्या अगदी खाली, वार्निशच्या पातळ थराआड. त्या बाजूवर बॉलपेननं 'ताईचं लग्न, भाग २' लिहिलं की भाग २ मधला काही मजकूर कायमचा जातो.

पुण्यात नोकरी लागल्यावर मी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीतून डीव्हीडी प्लेअर घेतला, तोवर साताऱ्याच्या दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर उलटं होऊ लागलं होतं. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. त्या भावात आणायला-परत करायला दोनदा चप्पल घासून भाड्याची कोण आणणार? लायब्रऱ्या बसल्या. सिनेमे वाण्याच्या काउंटरवर, साबणाशेजारी टांगलेले दिसू लागले. नाटकंही मिळू लागली. बालगंधर्व रंगमंदिरात तिकीट न मिळालेली नाटकं आम्ही जमिनीवर चटई टाकून पाहिली. दुहेरी थराच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी मावतात. एका थरावरून दुसऱ्यावर जाताना प्लेअरला पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, त्यामुळे सिनेमाच्या मध्यावर चित्र क्षणभर थबकतं. सासऱ्यांना तेव्हा हमखास वाटायचं, लेन्स गेली.

त्या काळात माझी एक मावसबहीण न्यू जर्सीला राहायला गेली. तिनं तिथं नामांकित कंपनीचा महाग प्लेअर घेतला होता. पुण्याहून नेलेली मराठी नाटकं त्यावर लागेनात. भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १. शिवाय आपलं चित्र पॅल, त्यांचं एनटीएससी. शेवटी तिनं तिथल्याच एका दुकानातून सगळ्यात स्वस्त चिनी प्लेअर आणला, रिमोटवर काही आकडे दाबून रीजनचं कुलूप उघडलं, आणि शनिवारी रात्री तिच्याकडे मराठी मंडळी जमू लागली. महाग प्लेअर तिनं कपाटात ठेवला. सुरुवातीच्या काही महाग प्लेअरांची तर आणखी एक गंमत होती. डीव्हीडीचा लाल किरण ६५० नॅनोमीटरचा, पण घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंग ७८० नॅनोमीटरच्या किरणासाठी बनवलेला. लाल किरण त्यावरून नीट परत यायचा नाही आणि सीडी आहे हेच प्लेअरला कळायचं नाही. लग्नाच्या सीड्या तर सगळ्या असल्याच.

आणि आता प्लेअर लागतो तो लग्नाच्या सीडीसाठीच. सिनेमे फोनवरही येतात. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. सोनीनं कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं २०२५ मध्ये थांबवलं. पण भाचीला आईबापांचं लग्न बघायचं होतं आणि घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडीचा कप्पा नव्हता. म्हणून मी पुन्हा स्वस्तातला प्लेअर शोधायला निघालो, पिशवीत तीच लग्नाची सीडी घेऊन. बऱ्याच नव्या टीव्हींना पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची भोकं नसतात, म्हणून एचडीएमआय असलेला घ्यावा लागला. खोक्यावर १०८० छापलेलं असतं, त्याला भुलू नये. डीव्हीडीत रेघा ५७६ असतात आणि आकडेमोड करून त्या वाढवल्या तरी नवी माहिती कुठून येणार? टीव्हीचं चित्र मात्र चाराला तीन करून घ्यावं. नाहीतर नवरी बोहल्यावर चढण्याआधीच रुंद दिसते आणि बहीण रागावते.

तुमच्या कपाटात अशी सीडी असेल तर प्लेअर दोन-तीन हजारांतला कोणताही चालेल, फक्त ती त्यावर लागते का ते दुकानातच बघा. सीडीवरचा फोटोचा स्टिकर सोलू नका, त्याबरोबर खालचा थरही निघून येतो. आणि ती लागली की त्याच आठवड्यात लॅपटॉपला बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा आणि सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. कारखान्यात छापलेली सीडी बरीच वर्षं टिकते. लग्नाची सीडी रंगावर लिहिलेली असते, आणि तो रंग कपाटातही उडत असतो.