कॅसेटवरची गिरकी

जुन्या कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे थरथरणाऱ्या रेषा, ओघळलेले रंग आणि कोपऱ्यात तारीख, असा समज हल्ली पक्का झाला आहे. मोबाइलवर तसे फिल्टरही मिळतात. कोकणातल्या दशावतारी नाटकाचं माझं शूटिंग एडिट करायला बसलेल्या मुलानं विचारलं, "काका, थोड्या रेषा टाकू? जुनं वाटेल." मी नको म्हटलं. त्या रेषा हा कॅमेऱ्याचा स्वभाव नव्हे. हेड घाण झालं, ट्रॅकिंग सरकलं, फितीचा थर सुटला की त्या उमटतात. नीट राखलेला हाय-एट कॅमेरा स्वच्छ चित्र देतो आणि मला तेच हवं असतं.

हाय-एट १९८९ साली आलं. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये आडवा तपशील साधारण २४० रेषांचा मावायचा, हाय-एटमध्ये तो ४०० च्या आसपास गेला. आजच्या साध्या मोबाइलपुढेही हे काहीच नाही. पण मी हा कॅमेरा उचलतो तो हालचालीसाठी. त्याच्या पोटात ४० मिलिमीटर व्यासाचा ड्रम असतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो मिनिटाला १५०० वेळा फिरतो आणि त्यावरची दोन हेडं ८ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर तिरक्या पट्ट्या ओढत जातात. फीत मात्र सेकंदाला जेमतेम २ सेंटिमीटर सरकते. एक पट्टी म्हणजे एक फील्ड, अर्ध्या ओळींचं चित्र. एकात विषम ओळी, पुढच्यात सम. सेकंदाला ५० फील्ड, आणि प्रत्येक वेगळ्या क्षणाचं.

मोबाइलवर ६० फ्रेमचं सेटिंग असतं, हे खरं. तरीही तलवार वेगानं फिरली की ती मोबाइलच्या चित्रात वाकडी दिसते, कारण त्याचा सेन्सर ओळीमागून ओळ वाचत जातो. माझ्या कॅमेऱ्यातली सीसीडी सगळं फील्ड एकाच क्षणी टिपते. पातं पुसट होईल, पण वाकणार नाही.

दशावतारात हे फार महत्त्वाचं आहे, पण त्याआधी उजेडाचा प्रश्न येतो. जत्रेच्या रात्री संकासुराचं पात्र येतं तेव्हा अंगभर काळा वेश आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो काळ्याला उजळ करायला धावतो, गेन चढतो, काळ्यात दाणे वळवळू लागतात आणि जिभेचा लाल रंग कडेनं सांडतो. म्हणून एक्स्पोजर हातानं उतरवायचं आणि काळं काळंच राहू द्यायचं. व्ह्यूफाइंडर कृष्णधवल आहे, त्यामुळे डोळा रंगात रमत नाही, उजेड-अंधाराचाच हिशोब करतो. उघडा दिवा फ्रेममध्ये आला तर सीसीडीवर वरपासून खालपर्यंत उभा पांढरा पट्टा पडतो, म्हणून नाटक सुरू व्हायच्या आधी दिवे कुठे टांगलेत ते बघून मी जागा धरतो. मग उत्तररात्री युद्ध सुरू होतं. पखवाज चढत जातो, झांज त्याला गाठते, दोन राजे समोरासमोर येतात आणि गिरकी घेतात. जामा फुगतो, मुकुटावरचा उजेड फिरतो, पाय मात्र थाप पडेल तिथंच पडतो. ती थाप आणि तो पाय पडद्यावर एकत्र आले पाहिजेत. इथं झूमला हात लावायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. पाय दिसत नसतील तर ते युद्ध टिपलेलंच नाही.

हे सगळं कोकणात करायचं म्हणजे दमटपणाशी सामना. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर ड्रमवर दव धरतं, पडद्यावर थेंबाची खूण येते आणि कॅमेरा फीत आत घेत नाही. ते बरंच आहे, नाहीतर फीत ओल्या ड्रमला चिकटून गुंडाळली जाते. मी कॅमेरा आधीच बाहेर आणून बॅगेतच ठेवतो, बाहेरच्या हवेइतका तापू देतो. हेड पुसायला मऊ चामड्याचा तुकडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. चामडं ड्रमला स्थिर टेकवायचं आणि ड्रम हातानं हळू फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. कापसाचे तर धागेच अडकतात. कॅसेट उभ्या ठेवायच्या, डब्यात सिलिका जेल. खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालायचीच नाही. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटना.

खरा घात होतो तो कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेताना. बहुतेक ठिकाणी दोन फील्डं एकत्र करून किंवा एक टाकून देऊन २५ फ्रेमची फाइल हातात देतात. चित्र दिसतं, आवाज येतो, म्हणून कुणाला काही गेल्यासारखं वाटत नाही. पण गिरकीचे निम्मे क्षण तिथंच गेलेले असतात. माझा तो एडिटर मुलगाही आधी तसंच करत होता. मग आम्ही प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करून ५० ची फाइल काढली आणि दोन्ही शेजारी-शेजारी लावल्या. रेषांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. चालू स्थितीतली यंत्रं दरवर्षी कमी होत आहेत. घरात लग्नाची, बारशाची, गावच्या नाटकाची कॅसेट असेल तर यंदाच ती उतरवून घ्या, आणि दुकानदाराला एवढं नक्की सांगा: फाइल इंटरलेस्ड, म्हणजे दोन्ही फील्डं जशीच्या तशी राखलेली, ठेवा किंवा ५० फ्रेमची करा, आणि कॅसेट परत द्या.